नर्मदाबाईची आखाजी

मेबल घरात आल्यापासून नर्मदाबाईची एक गोष्ट पक्की झाली होती. मदतीला माणूस ठेवण्याइतकं अंग मोडणारं दुसरं काम जगात नाही.

सकाळी डोळे उघडले की आधी मेबलचं पाणी. विहिरीचं पाणी तिच्या पोटाला मानवत नसे, म्हणून ते उकळायचं, गार करायचं, फडक्यानं गाळायचं आणि वेगळ्या माठात भरायचं. मग मेबलची न्याहारी. ज्वारी-उडदाच्या, कळण्याच्या भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा खाल्ला की तिच्या डोळ्यांतून पाण्याच्या धारा लागत, म्हणून तिला दूध आणि गूळ. मग मेबलची अंघोळ. ती उघड्या मोरीवर बसेना, म्हणून रतिलालनं गोठ्याच्या मागे तट्टे लावून तिला बंद मोरी करून दिली होती. तट्टे लावले रतिलालनं, पण गरम पाण्याची घागर तिथवर उचलून न्यायची कुणी? नर्मदाबाईनंच. आणि घागर खाली ठेवली की ती गोरी पोर हात जोडून म्हणायची, "थँक्यू."

त्या शब्दाचा अर्थ नर्मदाबाईनं एकदा नवऱ्याला विचारला होता. तो कळल्यावर तिला आणखीच चीड आली. लग्न होऊन या घरात आल्यापासून तिच्या राबण्याबद्दल कुणी असा शब्द काढला नव्हता. आणि जिनं पहिल्यांदा काढला, तीच नवं राबणं घेऊन आली होती!

हा सगळा घाट रतिलालचा. शहाद्याला कापसातली सरकी काढायचं जिन सुरू झालं तेव्हा तिथली यंत्रं बसवायला एक साहेब आला होता. रतिलालचा कापूस तिथे जायचा, त्यातून दोघांची ओळख झाली, आणि बोलता बोलता रतिलालनं आपल्या धाकट्या भावाचं, रूपचंदचं, नाव काढलं. पोरगा हुशार होता, विलायतेला जाऊन सूतगिरणीचं शिक्षण घ्यायची त्याला आस होती. साहेबाचा चुलतभाऊ मँचेस्टरला राहायचा. त्या घरात मांस-मच्छी शिजत नसे. इतकं कळल्यावर रतिलालला दुसरं काही कळून घ्यायची गरजच वाटली नाही. असं ठरलं की रूपचंदनं त्यांच्याकडे घरच्यासारखं राहायचं आणि त्या बदल्यात त्यांची मुलगी मेबल वर्षभर इकडे, शहाद्याजवळच्या या खेड्यात, रतिलालच्या घरी घरच्या मुलीसारखी राहणार. तिला हा देश पाहायचा होता. पगार नाही, की काही नाही. रतिलालच्या दोन मुलांचं तिनं बघायचं, त्यांना चार इंग्रजी शब्द शिकवायचे, आणि घरात हातभार लावायचा.

"तुला मोकळीक मिळेल गं," असं रतिलाल बायकोला म्हणाला होता. "पोरं ती सांभाळेल. यंदाच्या आखाजीला तू खुशाल माहेरी जा."

नर्मदाबाई भुलली ती एवढ्या एका वाक्याला.

खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. भाऊ गाडी जुंपून बहिणीला न्यायला येतो, त्याला मूळ लावणं म्हणतात. माहेरी गेलं की त्या दिवसांत लेकीनं काडी इकडची तिकडे करायची नाही. निंबाला बांधलेल्या झोक्यावर बसायचं, गौराईची गाणी म्हणायची, आमरसात बुडवून मांडे खायचे. नर्मदाबाईचं माहेर तापीच्या पल्याड. तिचा भाऊ हिलाल दर आखाजीला गाडी घेऊन यायचा, आणि गेली काही वर्षं रिकामी गाडी घेऊन परत जायचा. एकदा सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. एकदा मोठीला, कौशीला, गोवर निघाला. एकदा सुपडू पोटात होता, आणि एकदा तो इतका लहान होता की त्याला नदी ओलांडून न्यायचं नाव काढायची सोय नव्हती. सुपडूच्या आधीची दोन पोरं हाती लागली नाहीत, म्हणून हा जन्मला तेव्हा त्याला सुपात घालून त्याचं हे नाव ठेवलं होतं. त्याला साधी शिंक आली तरी घर गोळा व्हायचं.

आई तिकडे म्हातारी होत चालली होती. लेकीच्या सासरचं पाणी प्यायचं नाही म्हणून ती कधी इकडे आली नव्हती आणि येणारही नव्हती. म्हणजे जाऊन भेटायचं ते नर्मदाबाईनंच, आणि जायचं ते आखाजीलाच. वर्षातून एकदा उघडणारं दार दरवर्षी तोंडावर बंद होत होतं.

असो. मेबल आली. लांब नाकाची, उन्हानं लालेलाल झालेली, पण हाताला चपळ. पहिल्याच दिवशी तिनं सुपडूला उचलून खांद्यावर बसवलं आणि अंगणात दोन फेऱ्या मारल्या. पोरगं खिदळायला लागलं. नर्मदाबाईला वाटलं, चला, निदान एक तरी गोष्ट नवऱ्यानं धड केली.

तेवढ्यात सासूबाई, छबूबाई, माजघरातून बाहेर आल्या. त्यांनी पोर मेबलच्या खांद्यावरून काढून घेतलं, तिला हाताला धरून ओट्यावर नेलं आणि घोंगडीवर बसवलं.

"तू बठ वं माय," त्या म्हणाल्या. "तुन्हा हात काम कराना नही."

दुसऱ्या दिवशी मेबलनं झाडू हातात घेतला, तो छबूबाईंनी काढून घेतला. तिसऱ्या दिवशी ती आडाकडे घागर घेऊन निघाली, तीही काढून घेतली. कौशीची वेणी घालायला बसली, तर छबूबाई स्वतः कौशीला ओढून घेऊन गेल्या आणि वाकडीतिकडी वेणी घातली. मेबल ओट्यावर बसून राहायची. पाहुणी म्हणावी तर पाहुणी दोन दिवसांत जाते. गडी म्हणावा तर गडी राबतो. ही नुसती बसलेली. येणाराजाणारा थांबून तिच्याकडे बघायचा आणि मग त्याच्यासाठीही चहाचं आधण नर्मदाबाईनंच ठेवायचं.

एकदा दुपारी मेबल चुलीपाशी येऊन उकिडवी बसली. कौशीच्या मागे फिरून फिरून ती अहिराणी बोलायला लागली होती.

"मी काय चुकनू?" तिनं विचारलं. डोळ्यांत पाणी होतं.

नर्मदाबाईला पोरीची दया आली आणि त्याच क्षणी तिचा संतापही आला. रडायचं आहे तर निदान कांदे चिरत रड ना बाई! पण चिरायला कांदा दिला असता तर म्हातारी धावत आली असती.

उलगडा झाला तो चैतात. बायका अंगणात कुरडया घालत होत्या. मेबल नेहमीप्रमाणे ओट्यावर. छबूबाईंनी पेटीतून चांदीचे गोट काढून आणले, मेबलचा हात हातात घेतला आणि गोट मनगटावर चढतो का ते बघू लागल्या. हाड मोठं होतं, चढेना.

"सोनारकडे दी वाढाई लेना पडी," त्या आपल्याशीच म्हणाल्या.

नर्मदाबाईच्या हातातला सोऱ्या तिथेच राहिला. हे गोट घरातल्या सुनेचे. तिचे तिला मिळाले होते, आणि ही जोडी रूपचंदच्या बायकोसाठी राखून ठेवलेली.

"आत्या, हाई काय करी ऱ्हायनात तुम्ही?" तिनं सासूला विचारलं.

छबूबाईंनी तिच्याकडे असं पाहिलं, जणू नर्मदाबाई कालच गावात आली होती. परक्याची वयात आलेली पोर परक्याच्या घरी राहायला येते, ती काय उगाच? आपला पोरगा तिकडे, त्यांची पोर इकडे. सगळं उघड तर आहे.

"त्यास्नी आपला पोऱ्या देखाले ठेवी लिन्हा, आपुन त्यास्नी पोर. वरीसभर देखी लेवो, मंग हयद," म्हातारीनं समजावलं. "आनि हयद लागाना पहिले सूनले कामले लावं तं गाव काय म्हनी?"

म्हणजे हळद लागायच्या आधी होणाऱ्या सुनेला राबवलं अशी गावानं नावं ठेवू नयेत, म्हणून हे सगळं! नर्मदाबाईनं कपाळाला हात लावला, तोही कुरडईच्या चिकानं भरलेला.

रतिलाल शेतातून आल्या आल्या तिनं त्याला गोठ्यात गाठलं. तो बैलाच्या पाठीवरून उगाच हात फिरवत राहिला.

"मी कव्हय हो म्हनं?" तो म्हणाला. "मी फकत नही म्हनं नही."

"आनि आत्यास्ले खरं कव्हय सांगशात?"

रतिलालचं म्हणणं असं, की आईनं रूपचंदला समुद्रापल्याड जाऊ दिलं तेच मुळी सोयरीक होणार या समजुतीवर. मांस-मच्छी न खाणारं घर आहे एवढं ऐकल्यावर तिनं बाकीचं आपल्या मनानं जुळवलं. आता खरं सांगितलं तर ती तार करून पोराला परत बोलावून घेईल. त्याची परीक्षा होऊ दे, मग बघू. नर्मदाबाईनं ऐकून घेतलं. या घरात सगळं 'मग बघू' तिच्याच पाठीवर येऊन पडायचं. पण आखाजी तोंडावर आली होती, घरात तमाशा नको, म्हणून ती गप्प बसली. हिलाल येईल, आपण निघून जाऊ, मागे काय गोंधळ घालायचा तो माय-लेक घालतील, असा तिचा हिशोब होता.

हिलाल आखाजीच्या आदल्या दिवशी आला. बैलांच्या शिंगांना रंग, गाडीत नवी तट्टी, आणि बहिणीला बसायला आईनं पाठवलेली गोधडी. त्यानं छबूबाईंना वाकून नमस्कार केला.

"आत्या, माय वाट देखी ऱ्हायनी," तो म्हणाला. "यंदा तरी बहीनले धाडा."

नर्मदाबाईचं बोचकं दाराआड बांधून तयार होतं. सुपडूचं टोपडंसुद्धा त्यात होतं.

"यंदा कसं जमी?" छबूबाई शांतपणे म्हणाल्या. "नवी सूननी पहिली आखाजी घरमा शे. मोठी सून घर सोडी कशी जाई? तिले लुगडं कोन नेसाडी?"

हिलालनं दाजींकडे पाहिलं. दाजींनी टोपी काढली, आतून झटकली आणि पुन्हा घातली. नर्मदाबाईला कळून चुकलं की आता हे काही बोलणार नाहीत. गाडी यंदाही रिकामी जाणार. आई दारात येऊन बसलेली असणार, आणि रिकामी गाडी पाहून काही न बोलता आत जाणार. त्याच क्षणी तिचा डोक्यावरचा ताबा सुटला. इतक्या वर्षांत ती सासूपुढे कधी मान वर करून बोलली नव्हती. आज पदरही सावरायचं तिला सुचलं नाही.

"कोनी सून?" ती ओरडली. "हाई सून नहीच शे! हाई मन्हा पोरेस्ले सांभाळाले येल शे. तुम्हना आंडोरनी तुमले सांगं नही, आत्ते मी सांगस. कसानी हयद आनि कसानं लगीन! तिनं पानी उकाळता उकाळता मन्हा जीव गया, आनि तुम्ही तिले ओट्यावर देव मांडेल शे!"

सुपडूनं तोंडातला अंगठा काढला. छबूबाई सावकाश लेकाकडे वळल्या. रतिलाल बैलांकडे बघत होता, आणि ते बैलही हिलालचे होते.

मग छबूबाईंनी मेबललाच जवळ बोलावलं.

"रूपचंदसंगे लगीन करानं शे ना तुले?"

मेबलला आधी कळलंच नाही. कौशीनं तिला पुन्हा सांगितलं, हातानं डोक्यावर अक्षता टाकून दाखवल्या. तशी ती गोरी पोर कानापर्यंत लाल झाली आणि तिनं दोन्ही हात जोरजोरानं हलवले.

"मन्हं लगीन ठरेल शे. तठे, मन्हा गावमा," ती म्हणाली. "रूपचंद मन्हा भाऊ शे."

छबूबाई खांबाला टेकून खाली बसल्या. म्हातारी आता रडते की कुणाला हाणते, याची नर्मदाबाईला धास्ती पडली. तार करायची गोष्ट निघते की काय, म्हणून रतिलालचा चेहरा उतरला. म्हातारीनं त्या पोरीच्या मनगटाकडे पाहिलं. ज्या मनगटावर गोट चढले नव्हते, त्याच्याकडे.

"भाऊ म्हनस," त्या हळूच म्हणाल्या. "मंग तठे तुन्ही माय त्याले पोटभर वाढस ना?"

"हो," मेबल म्हणाली. "माले वाढस त्याना पेक्षा जास्ती."

ते ऐकून म्हातारीचा जीव थोडा खाली बसला. आणि तो खाली बसल्याबरोबर रागाला जागा झाली. त्या कडाडल्या, "मंग हाई इतला दिन फुकट बठी ऱ्हायनी? तिले काम कोनी कसं सांगं नही?"

या प्रश्नाला उत्तर देण्यात काही अर्थ नव्हता. नर्मदाबाईनं सरळ दाराआडचं बोचकं उचललं.

छबूबाईंनी ते पाहिलं. त्यांना अडवायला आता कारण उरलं नव्हतं, आणि विनाकारण अडवणाऱ्या त्या नव्हत्या. पण आपलं चालणारच नाही असं दाखवायलाही त्या तयार नव्हत्या.

"जाय," त्या म्हणाल्या. "घागर मी भरसू. पन परवा दुपारनी भाकर तुन्हाच हातनी पाहिजे. आनि हाई पोर संगे ली जाय. सून नही, पाव्हनी नही, मी तिले काय म्हनी हाक मारू?"

म्हणजे माहेरी जायचं ते मेबलला घेऊन! नर्मदाबाईला गाडीचं चाक चावावंसं वाटलं. पण चाक चावत बसायला वेळ नव्हता. आखाजीच्या सकाळी उजाडता उजाडता गाडी निघाली. नर्मदाबाई, कौशी, सुपडू, मेबल आणि मेबलच्या उकळलेल्या पाण्याचा माठ. तापीला पाणी कमी होतं, बैलांच्या गुडघ्यांपर्यंतच. तरी नदीत गाडीनं हिसका खाल्ला आणि माठ कलंडला. विहिरीचं उकळलेलं पाणी तापीत गेलं.

माहेरच्या गावात गाडी शिरली आणि गाव लोटलं. पण कुणाकडे बघायला? झोक्यावरच्या पोरी झोका सोडून आल्या, गौराईची गाणी तोंडातच राहिली, बायका हातातलं पीठ तसंच घेऊन धावल्या. मेबलचे केस, मेबलचे बूट, मेबलच्या नाकावरची सोललेली कातडी. कुणी तिला हात लावून पाहिलं. नर्मदाबाईच्या लहानपणच्या मैत्रिणी, ज्यांच्या आठवणीनं तिनं इतक्या आखाज्या रडत काढल्या होत्या, त्या तिच्या अंगावरून वाकून मेबलला विचारत होत्या, "नाव काय वं तुन्हं?"

"अरे, मी बी उनू ना!" नर्मदाबाई गाडीतूनच ओरडली.

तिच्या आईला, भिकुबाईला, तेवढंच ऐकू गेलं. ती गर्दीला कोपरानं बाजूला सारत आली आणि लेकीचा हात धरून तिला गाडीतून खाली उतरवलं. मेबलकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही. घरात नेऊन पाटावर बसवलं, खापरावरचा गरम मांडा ताटात टाकला, वर आमरस ओतला. नर्मदाबाईनं घास घेतला तर बाहेर सुपडू रडला. ती उठणार तोच मेबल दारात दिसली. सुपडू तिच्या खांद्यावर, कौशी तिच्या बोटाला, मागे अर्धं गाव.

"तू जेव," मेबल म्हणाली. "पोरे मी देखस."

तिच्या हातातून पोर काढून घ्यायला इथे कुणी नव्हतं. नर्मदाबाई जेवली. पोट भरून, हात न थांबवता. मग खांबाला टेकली. बाहेर झोका पुन्हा सुरू झाला होता, करकर असा आवाज येत होता, आणि पोरी गौराईचं गाणं म्हणत होत्या. जरा टेकते, मग झोक्यावर जाते, असं तिनं ठरवलं. पहिला झोका कुणाबरोबर घ्यायचा हेही ठरवलं.

जाग आली तेव्हा उजाडलं होतं.

तिच्या अंगावर गोधडी होती. अंगणात हिलाल बैल जुंपत होता. झोक्याचे दोर कुणीतरी सोडून निंबाच्या फांदीला गुंडाळून ठेवले होते. मेबल ओट्यावर बसून सुपडूला भाकरीचे तुकडे भरवत होती, आणि तो खात होता. आखाजी होऊन गेली होती. एक झोका नाही, एक गाणं नाही. इतकी वर्षं वाट पाहिली, सासूशी भांडली, नदी ओलांडली, आणि आली ती झोपायला!

नर्मदाबाईचा संताप अनावर झाला. "माय!" ती किंचाळली. "माले उठाडं का नही? मी इतला लांबथीन काय झोपाले येल व्हती?"

भिकुबाई तिच्या उशाशीच बसली होती. तिच्या हातात वारा घालायचा विंझणा होता, आणि तो हात दुखत असणार, कारण ती तो दुसऱ्या हातानं चोळत होती.

"उठाडाले चार बाया येल व्हत्यात," ती म्हणाली. "मी कोनलेच हात लावू दिन्हा नही. तुन्हं लगीन व्हयनं तव्हयपाईन, पोरी, तुले झोपेल मी आजच देखं."

नर्मदाबाई उठली, दारात गेली आणि भावाला म्हणाली,

"दादा, बैल सोडी दे. आज मी जात नही."

हिलालनं जू तसंच हातात धरून विचारलं, "आनि तठे दुपारनी भाकर कोन टाकी?"

"कौशीना बाप शे ना घरमा," नर्मदाबाई म्हणाली. "त्यास्ले सांग, मग बघू."